फिरत्या वहीतला हिरामण

पेणच्या एका जुन्या वाचनालयात नूतन पुस्तकांची देवघेव सांभाळायची. १९९४ साली ती छत्तीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ती वाचक मंडळ भरवायची. मंडळ तिनंच काढलेलं. नोंदणी चौदा जणांची, येणारे पाच. नूतन पुस्तकाचा चार पानी सारांश लिहून आणायची, तो चाळीस मिनिटं वाचायची आणि शेवटी विचारायची, "कोणाला काही बोलायचंय?" निवृत्त परिचारिका धोंडुबाई तेवढ्या "छान झालं गो" म्हणायच्या. बाकीचे पोह्यांच्या बशीकडे बघायचे.

लोक गप्प बसतात म्हणजे लक्ष देऊन ऐकतात, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. दिपिकानं रोह्यात मंडळ काढलं नसतं, तर ते तसंच चाललं असतं.

दिपिका तिची कॉलेजातली मैत्रीण. तेव्हापासूनच नूतन रात्रंदिवस पाठ करायची आणि वक्तृत्वाचं बक्षीस दिपिका घेऊन जायची, तेही हसत हसत, अर्धं भाषण विसरून. लग्न होऊन ती रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावी गेली तेव्हा नूतनला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं होतं. आता तिच्याच घराच्या पडवीत शनिवारी माणसं जमू लागली. ही बातमी हरेशनं आणली. तो पेणहून रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीत जायचा आणि नूतनच्या मंडळाचा सभासद होता. एकदा शिफ्ट सुटल्यावर तो सहज तिकडे डोकावला होता.

"नूतनताई, काय भांडतात तिथं!" तो काउंटरवर कोपर टेकून म्हणाला. "एका नावाड्याची कादंबरी होती. नावाडी घर सोडून जातो, बायको त्याची होडी विकते. बरोबर केलं का चूक, यावर दीड तास! दिपिकाताई स्वतः काहीच बोलत नाहीत. एक प्रश्न टाकतात आणि गप्प बसतात."

"म्हणजे तयारी करत नाहीत," नूतन म्हणाली आणि त्याच्या पुस्तकावर जरा जोरातच शिक्का मारला.

पंधरा दिवसांनी दिपिकाचं पत्र आलं. शिफ्टवाल्यांना ठरल्या वेळी येता येत नाही, तर एक वही फिरवू या, असं तिनं सुचवलं होतं. दोन्ही गावांनी एकच पुस्तक वाचायचं. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं वहीत लिहायचं, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं. वहीची ने-आण हरेश करेल. 'तुझ्यासारखी जाणकार असल्यावर मजा येईल,' असं शेवटी लिहिलं होतं. नूतननं ते वाक्य तीन वेळा वाचलं. त्यात खोच आहे का हे तिला कळेना, आणि नाही म्हणायला कारणही सापडेना.

पहिलं पुस्तक तेच, नावाड्याचं. वही रोह्याहून आली तेव्हा तिची अकरा पानं भरलेली होती. खाडाखोड, बाण, समासात प्रश्नचिन्हं. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं उडवून लावलेलं, त्याखाली तिसऱ्यानं 'दोघांचंही चूक' असं लिहिलेलं. पेणची बाजू म्हणून नूतननं आपला सारांश उतरवला, मोत्यासारख्या अक्षरात. वही परत गेली, पुन्हा आली. सारांशाखाली कुणी काही लिहिलं नव्हतं. एका कोपऱ्यात दिपिकाची ओळ होती, 'सुंदर अक्षर!'

त्या दुपारी वाचनालय बारा ते चार बंद होतं. नूतन आत एकटी बसली होती. तिनं डाव्या हातात बॉलपेन धरलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'मी जोह्याचा हिरामण. गणपतीच्या कारखान्यात काम करतो. मूर्तीचे डोळे आम्ही सगळ्यात शेवटी आखतो. ह्या लेखकानं पहिल्याच पानावर डोळे आखून ठेवलेत. नावाडी परत येणार नाय हे तिथंच कळतं, मग पुढं बघायचं काय? आणि होडी विकली ते बरं केलं. दारात उभी होडी म्हणजे रोज मांडलेलं रिकामं ताट.'

लिहिताना तिला एकदाही थांबावं लागलं नाही. तिची आई जोह्याच्याच एका कारखान्यात तीस वर्षं मूर्ती रंगवत होती. पेणला राहायला आल्यापासून नूतन ते कुणाला सांगत नसे. सारांशात तर असल्या गोष्टींना जागाच नव्हती.

वही परत आली तेव्हा हिरामणच्या मजकुराला सात उत्तरं होती. 'रिकाम्या ताटा'वरून दोन बायकांची जुंपली होती. दिपिकानं लिहिलं होतं, 'नूतन, हा माणूस कुठे लपवला होतास?'

नूतनचा चेहरा उजळला. दोन दिवस ती वाचनालयात गुणगुणत होती. मग पुढच्या पुस्तकावर तिनं स्वतःच्या नावानं दोन पानं लिहिली, अगदी विचार करून, आणि खाली डाव्या हातानं हिरामणच्या सहा ओळी. उत्तरं हिरामणला आली. तिच्या दोन पानांवर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता, त्याचं गोल उमटलं होतं.

असं वर्षभर चाललं. नूतनला आता दोघांचा हेवा वाटू लागला. दिपिकाचा तर होताच, त्यात या हिरामणची भर पडली. तो रविवारी येत नाही, आडवारी येऊन वहीत लिहून जातो, असं तिनं पेणच्या लोकांना सांगून ठेवलं होतं. धोंडुबाईसुद्धा विचारायच्या, "तुझा तो जोहेकर काय म्हणतो गो ह्या खेपेला?" आणि त्याचं ऐकून पेणचे लोकही वहीत लिहू लागले होते. रविवारी पाचाचे अकरा झाले होते. ते खरं कुणामुळे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा चिडून नूतननं हिरामणला मुद्दाम मूर्खासारखं लिहायला लावलं. रोहेकरांना तेही आवडलं.

रोह्यातून त्याला सगळ्यात जास्त लिहायचा तो गुणाजी. हा कंपनीत ऑपरेटर, घर निडीजवळच्या खेड्यात, भात आणि वालाची थोडी शेती. अक्षर मोठं, वाक्यं तुटक. एका पुस्तकात म्हातारा बाप बोलायचा थांबतो, त्यावर गुणाजीनं लिहिलं, 'माझा बाप पण शेवटी दोन वर्षं बोलला नाय. मी शिफ्टवरून यायचो नि झोपायचो. त्याच्याजवळ बसलो नाय. हे घरात कोणाला सांगितलं नाय. हिरामणभाऊ, तुमास्नी सांगतो.'

नूतननं ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. थांबायला हवं होतं ते इथंच. पण त्याच पानावर दिपिकानं गुणाजीला लिहिलेलं लांबलचक, समजूतदार उत्तर होतं. ते वाचून तिचा हात थांबेना. हिरामणनं दीड पान लिहिलं. बापाच्या बोटांना रंगाचा वास कसा यायचा, शेवटी त्याला ब्रश धरता येत नव्हता तेव्हा तो हवेतच डोळे कसे आखायचा. सगळं खरं होतं. फक्त आईच्या जागी बाप लिहिलं होतं.

गणपती झाले, कारखाने थंडावले आणि ऑक्टोबरात एका दुपारी एक उंच, काळासावळा माणूस वाचनालयात आला. पायात कंपनीचे बूट होते.

"मी गुणाजी. रोह्याचा," तो म्हणाला. "जोह्याला जाऊन आलो, बाई. हिरामणभाऊला भेटायला."

नूतननं रजिस्टर उघडलं. "भेटला?"

"जोह्यात हिरामण दोन सापडले. एकाला वाचता येत नाय, दुसरा म्हणे मी गवंडी हाय. तुमच्या मंडळात येतो ना तो? पत्ता द्या की."

"तो... हमरापूरला गेलाय. सासुरवाडीला."

"बरं." गुणाजीनं पिशवीतून कागदाची पुडी काढून काउंटरवर ठेवली. "वाल हायेत, घरचे. त्याला द्या. म्हणावं, तुझं वाचलं नि आईजवळ बसाया लागलो."

वाल तिनं कपाटात ठेवले. घरी नेले नाहीत.

डिसेंबरात दिपिकाचा वाचनालयाच्या फोनवर फोन आला. रोह्याचे बाराजण रविवारी पेणला येणार, दोन्ही मंडळांची एकत्र बैठक करायची. "आणि हिरामणला बोलावच हं," ती म्हणाली. "नाहीतर आम्ही जोह्याला जाऊ."

रविवारी वरच्या खोलीत बसायला जागा उरली नव्हती. दिपिका आली, तशीच हसरी, जराशी जाड झालेली. सगळे दाराकडे बघत होते. हिरामण आला नाही तेव्हा दिपिका म्हणाली, "तोवर त्याचं वाचू या." तिनं वहीतला बापाच्या बोटांचा मजकूर वाचायला घेतला. ती वाचायची फार छान. धोंडुबाईंनी पदरानं डोळे पुसले. वाचून झाल्यावर दिपिकानं वही मिटली.

"खरं सांगू, नूतन? मला हेवा वाटतो तुझा," ती म्हणाली. "असा एक माणूस माझ्या मंडळात असता तर!"

याच वाक्याची नूतन वीस वर्षं वाट बघत होती. ते आलं, आणि तिला काडीचा आनंद झाला नाही. लोकांचे डोळे ओले होते ते कुण्या हिरामणसाठी, आणि शाबासकी दिपिकाच्या वाचण्याला मिळणार होती. प्रामाणिकपणा वगैरे काही तिच्या मनात नव्हतं. ते माझं आहे, एवढंच होतं.

"हिरामण नाही," ती उभी राहून म्हणाली. "ते सगळं मी लिहिलंय. डाव्या हातानं."

कुणीतरी हसलं. मग ते हसू थांबलं. हरेश म्हणाला, "नूतनताई, काहीतरीच."

"आण वही." तिनं डाव्या हातानं दोन ओळी लिहून दाखवल्या. वही हातोहात फिरली. दिपिकानं जुनं पान उघडून दोन्ही अक्षरं ताडून पाहिली.

गुणाजी मागच्या भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला.

"मी त्याला बापाचं सांगितलं होतं, बाई."

"मी लिहिलं ते खरं होतं, गुणाजी. माझी आई तशीच गेली. फक्त बाप लिहिलं."

"मग आईच लिवायची व्हती," तो म्हणाला. "नि खाली तुमचं नाव. मी तुमास्नी पण सांगितलं असतं." आणि तो जिना उतरून गेला.

बैठक तिथंच मोडली. नंतर जिन्याशी दिपिकानं नूतनचा हात धरला. "कॉलेजात तू अशी का नाही बोललीस कधी?" तिनं विचारलं. तू बोलायला जागा ठेवलीस का, असं काहीतरी नूतनच्या जिभेवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

वही बंद पडेल असं तिला वाटलं होतं. दोन महिने पडलीही. मग धोंडुबाईच म्हणाल्या, "अगो, लोकं विचारतायत, पुढचं पुस्तक कोणतं?" नूतननं सारांश लिहिला नाही. एकच प्रश्न लिहिला, उजव्या हातानं, खाली स्वतःचं नाव. उत्तरं आली, पण मोजकी. लोक जपून लिहीत होते. तिनं कारखान्याबद्दल लिहिलं, आईबद्दल लिहिलं. तीच वाक्यं हिरामणच्या नावावर असती तर सात जण तुटून पडले असते, आता दोघंतिघं 'छान' लिहीत. मेलेल्या सवतीसारखा तो हिरामण तिच्या आणि लोकांच्या मध्ये पुष्कळ दिवस उभा होता.

आठ महिन्यांनी वहीत ते मोठं, तुटक अक्षर दिसलं. 'नूतनबाईंना. माझा राग गेला नाय. पण ह्या पुस्तकाबद्दल तुमचं साफ चुकतंय.' खाली दोन पानं भरून कारणं. नूतननं ती उभ्यानंच वाचली, काउंटरवर ताटकळलेल्या माणसाकडे लक्ष न देता, आणि त्याच दिवशी चार पानांचं उत्तर लिहिलं. त्या भांडणात दोन्ही गावं उतरली. वही पुन्हा भरू लागली ती तिथून.

दिपिकाच्या नवऱ्याची ९८ साली ठाण्याला बदली झाली. रोह्याचं मंडळ कुणी चालवायचं यावर फार चर्चा झालीच नाही, सगळ्यांनी गुणाजीचं नाव घेतलं. तो शनिवारी घरच्या अंगणात माणसं जमवायचा. शेतावरचे, कंपनीतले, वाचता न येणारेही. एक जण वाचायचा, बाकीचे मधेच अडवायचे.

"नूतनताई, परवा बावीस माणसं होती गुणाजीकडे," हरेश एका सोमवारी वही देताना म्हणाला. "बसायला गोणपाटं कमी पडली."

आपल्या रविवारी सतरा होतात, हे नूतनला पाठ होतं. तिनं वही घेतली, चष्मा नीट केला.

"बावीस?" तिनं विचारलं. "पोरं धरून, की पोरं सोडून?"