अखेरच्या आंघोळीची तालीम

सेगुल्लाबाई वाक्रुळकरांनी आयुष्यात त्रेसष्ट बायकांना शेवटची आंघोळ घातली होती. पनवेल, पेण, अलिबाग, कुठल्याही बेने इस्राएल, म्हणजे कोकणी ज्यू, घरात बाई गेली की निरोप यायचा आणि सेगुल्लाबाई हातातलं काम टाकून निघायच्या. आधी डोकं, मग उजवं अंग, मग डावं. शेवटी तीन बादल्या पाणी, धार न तुटता. जिवंत माणूस कधीतरी उपकार फेडेल अशी आशा असते, मेलेला काय फेडणार? म्हणून हेच खरं पुण्य, असं वडील सांगत. बाईंनी ते मनापासून मानलं होतं.

पण १९९४ साल उजाडेपर्यंत मंडळी एकेक करून इस्राएलला निघून गेली. मुलगाही गेला. बरोबरीने आंघोळ घालणारी रिबका पेसाखचा सण करून गेली आणि नेरूळच्या सिडकोच्या घरात बाई एकट्या उरल्या. शुक्रवारी दिवा लावून त्या ‘शब्बाथ शालोम’ म्हणायच्या, तेही भिंतीला. मरणाची भीती नव्हती. धास्ती एकच, आपल्याला आंघोळ कोण घालणार? ठाण्याहून समाजाच्या बायका आल्या असत्या, चांगल्या, नियम जाणणाऱ्या. पण ज्यांनी आपल्याला कधी पाहिलंच नाही त्यांचे हात अंगावर फिरणार, या विचाराने बाईंना घास उतरत नसे.

एका दुपारी समोरच्या रहिमापाशी त्या हे बोलून गेल्या. रहिमा कोकणी मुसलमान, उरणची, तोंडाने फटकळ.

“त्यात काय आंटी, मी घालीन ना. सासूला मीच गुसल दिली.”

“तू आमच्यातली नाहीस,” बाई म्हणाल्या आणि उठून घरी आल्या. हे काम आपल्याच माणसांनी करायचं, हा नियम. दोन दिवस त्या स्वतःशीच भांडल्या. दुसरं होतं कोण भांडायला?

तिसऱ्या दिवशी त्यांनीच रहिमाची बेल दाबली. “ठाण्याच्या बायका नियमाचं बघतील. तू फक्त जवळ राहून हात लाव. पण नीट शिकून घे, अर्धवट काम मला खपत नाही.”

आणि बाई चक्क सतरंजीवर मयत होऊन आडव्या झाल्या. रहिमाने रिकामा तांब्या फिरवायला सुरुवात केली. “आमच्यात पन उजवीकडूनच,” ती खुशीत म्हणाली आणि तांब्या बाईंच्या अंगावरून पलीकडे ठेवू लागली.

“वरून नाही! फिरून जा! मयताचा मान असतो!” मयत ओरडलं.

रहिमा निमूटपणे फिरून गेली. “आता काय?”

“आता माफी मागायची. काही चुकलं असेल तर क्षमा कर, असं नाव घेऊन.”

“नुसतं नाव? तुमचं?”

“मयताला कसली आंटी? हनोखची मुलगी सेगुल्ला म्हण.”

रहिमाने पदर सावरला. अवघडून, हळू आवाजात ती म्हणाली, “सेगुल्ला, हनोखच्या मुली, माझं काही चुकलं असेल तर माफ कर.”

बाईंचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांना कुणी नुसतं सेगुल्ला म्हटलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं.

रहिमा घाबरली. “काय झालं? चुकलं माझं?”

“नाही गं,” बाई पडल्या पडल्या म्हणाल्या. “परत एकदा म्हण.”