सासूबाईंच्या खोलीचा गॅस

गारठ्या हा थंडीच्या यंत्रांचा मिस्त्री. खरं नाव सांगायला त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागतं. कुणी शीतखोलीसाठी बोलावलं की पहिल्या दिवशी हा पान्याला हात लावत नाही. स्टूल मागतो आणि दुपारभर बसून राहतो. लोकांना वाटतं, आला आणि टेकला. तो मात्र वारा कुठून येतो, भिंतीपलीकडं कोण राहतं, जाळ कुठं पेटतो ते बघत असतो. गॅस निवडायचा तो थंडी बघून आणि शेजार बघून, असं त्याचं म्हणणं.

यंदा बोलावणं आलं ते सासूचं. तिचा मासळीचा धंदा, आणि मासळी गोठवायची खोली बंद पडलेली. थोरल्या जावयानं, म्हणजे गारठ्याच्या साडूनं, त्या खोलीच्या यंत्रात घरगुती फ्रिजचा गॅस भरला होता. फ्रिजात तो गुणी. पण इतक्या खोल थंडीत त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेला, यंत्रानं कुठल्याशा फटीतून हवा आणि ओल आत ओढली आणि दम तोडला. मासळी उशीसारखी मऊ झाली. आठवडाभरात होड्या माल घेऊन येणार होत्या. तोवर खोली गोठली नाही तर सासूचा धंदा बसणार होता आणि दोन्ही जावयांची किंमत एकच होणार होती.

गारठ्यानं स्टूल मागितलं. थोरला निदान उभ्यानं तरी बिघडवत होता, असं सासू म्हणाली.

बसल्या बसल्या त्यानं मनात एकेक गॅस तपासला. अमोनिया थंडीला पैलवान, पण गळला की माणसाचा श्वास कोंडतो, आणि भिंतीपलीकडं बाळंतिणींचा दवाखाना. तो बाद. कार्बन डायऑक्साइड पेटत नाही, पण त्याचा दाब दांडगा. तेवढा सोसणारं यंत्र आठवड्यात मिळणं शक्य नव्हतं. उरला प्रोपेन. पाहिजे त्या थंडीतही त्याचा दाब टिकतो, थोडक्यात भागतं. खोड एकच, पेटतो. जुन्या यंत्रात भरायचा नाही, त्याच्यासाठीच बनवलेलं यंत्र मागच्या उघड्या अंगणात बसवायचं.

त्या अंगणात खुर्ची टाकून सासू एका सिगारेटवर दुसरी पेटवत होती.

"आई, तुमची बसायची जागा बदलावी लागेल."

"लग्न होऊन आले तेव्हापासून इथं बसते मी, जावईबापू. तुमच्या सासऱ्यांची छाती झाली नाही मला उठवायची."

"सासऱ्यांच्या पोटात प्रोपेन नव्हता."

सासू हसली नाही, पण काडेपेटी खिशात गेली. "मासळी दगड होईल ना?"

"डोक्यात घातली तर खोक पडेल."

"कुणाच्या, ते मी बघते."

यंत्र आलं, गळती ओळखणारी घंटा लागली, होड्या यायच्या आधी खोली गोठली. सासूनं एक बांगडा टेबलावर आपटला. टेबलाचा टवका उडाला. तिनं तोच बांगडा साडूला दाखवला, आणि साडू दोन पावलं मागं सरकला.

सासू शब्दाची पक्की. अंगणात पुन्हा काडी ओढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गारठ्या आपल्या घराच्या दारात आला, तर पायरीवर तीच खुर्ची आणि खुर्चीत सासू. बायको तिच्या हातात चहा देत होती. दुनियेचा शेजार बघणाऱ्या या गड्यानं स्वतःच्या दारात कधी स्टूल टाकलं नव्हतं.

"इथं काही पेटायचं नाही ना?" सासूनं काडी ओढत विचारलं.

गारठ्यानं बायकोच्या तोंडाकडं बघितलं.

"अजून तरी नाही," तो म्हणाला.