कासवाची दुसरी पाठवणी

कॅमेरा चालू होता, पण त्यात फिल्म नव्हती.

हे प्रथम कळलं आमच्या कॅमेरामन पिंटोला, आणि तेही कानाने. आमचा हातातला कॅमेरा घड्याळासारखा चावी देऊन चालायचा. पूर्ण चावी दिली की अर्धं मिनिट घर्रर्र करायचा. आत फिल्म असली की तो आवाज भरीव येतो, नसली की पोकळ. पिंटोने डोळा न हलवता तोंड वाकडं केलं, तेव्हा मला वाटलं, त्याला खेकडा चावला.

"सर," तो पुटपुटला, "रिकामा आहे."

समोर रेवदंड्याजवळच्या कोळीवाड्याचा किनारा होता. धर्मा तांडेलच्या जाळ्यात पहाटे अडकलेली कासवीण वाळूतून पाण्याकडे निघाली होती. तिच्या कपाळाला हळदकुंकू होतं. मागे वीसेक बाया गात होत्या. एक लाट आली आणि कासवीण गेली. दोन वर्षं मी ज्या शॉटसाठी आमच्या माहितीपट खात्याच्या साहेबांच्या दारात उभा होतो, तो माझ्या डोळ्यांदेखत पार पडला आणि फक्त डोळ्यांतच राहिला.

चूक पिंटोची नव्हती, माझी होती. तेव्हा कच्ची फिल्म परदेशातून येई आणि आम्हाला मोजून मिळे. म्हणून मी रुबाबात हुकूम सोडला होता, "मी सांगितल्याशिवाय फिल्म भरायची नाही. आधी रिकाम्या कॅमेऱ्याने तालीम." तालीम उत्तम झाली. नंतर 'भर' म्हणायचं मी विसरलो. आज्ञाधारक माणसं किती धोकादायक असतात, हे मला त्या सकाळी समजलं.

आमची ती फिल्म समुद्र जपण्याबद्दल होती. जाळ्यात कासव आलं तर सोडा, त्याची अंडी खाऊ नका, एवढंच तिचं म्हणणं. आज हे साधं वाटतं. तेव्हा असं बोलणाऱ्याकडे लोक आजारी माणसाकडे बघावं तसे बघत. हा कोळीवाडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या कासव सोडत आला होता. तेच मला इतर बंदरांना दाखवायचं होतं.

अलिबागच्या पोस्टातून मी साहेबांना ट्रंककॉल लावला. अर्थात रिकाम्या कॅमेऱ्याचं बोललो नाही. म्हणालो, "सर, प्रकाश जरा कमी पडला."

"कासव मिळालं का?"

"मिळालं होतं, सर."

"होतं म्हणजे? शनिवारपर्यंत जिवंत कासवाचा शॉट आला नाही तर फिल्म बंद. सोमवारपासून तुम्ही काथ्यावर."

काथ्यावर म्हणजे काथ्याच्या दोऱ्या वळण्याच्या माहितीपटावर. त्या दिवशी गुरुवार होता.

परत येऊन मी धर्मा तांडेलची बायको आवडाबाय हिला गाठलं. कोळीवाड्यात तांडेल बोट चालवायचा आणि आवडाबाय तांडेलला. मी हात जोडून म्हटलं, "आवडाबाय, पुन्हा एकदा तसंच करता येईल का? पुन्हा जाळं टाकू, कासव आलं की..."

ती बोंबील उलटत होती. थांबली नाही.

"लेक सासरी धाडली सायेब. ती काय परत बोलवायची? तुमच्या पोरीला मांडवात दोनदा उभी करता काय तुमी?"

"पण माझा सिनेमा..."

"तुमचा शिनेमा तुमी सांबाळा. मला वाळवन हाय."

मग मी जे केलं ते सांगायला जरा लाजतो, पण जराच. दोन बंदरं पलीकडे एक माणूस कासवं मांसासाठी विकतो, असं कळलं. शुक्रवारी मी आणि पिंटो बैलगाडी घेऊन गेलो. त्याच्या पडवीत एक कासवीण उताणी पडली होती, वल्ह्यासारख्या पंखाला सुंभ बांधलेला. आम्ही ती घेतली, ओल्या गोणपाटांत गुंडाळली. परतीच्या वाटेवर पिंटो तिच्यावर डबक्यातलं पाणी शिंपडत होता. गाडीवान दर मैलाला वळून विचारी, "बाईमानूस बरं हाय नं?"

शनिवारी सकाळी तिला होड्यांच्या आडोशाला ठेवलं आणि मी नाटकातल्यासारखा हात पसरून ओरडलो, "आवडाबाय! लेक परत आली हो!"

आवडाबाय आली. वाकली. कासविणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही आमची न्हाय. आमचीच्या पाठीवर डाव्या अंगाला शिंपला चिकटलेला. आनि हिच्या पंखाला सुंभाचा वळ हाय. कुनी बांधलेली हिला?"

मी सगळं ओकलो. पडवी, सुंभ, काथ्या, साहेब, आणि रिकामा कॅमेराही. धर्मा तांडेल लाल झाला. "आमाला फसवतोस? गुंडाळ तुझा तंबोरा! शिनेमा बंद!"

मी खरोखरच सामान आवरायला लागलो. पिंटोने लेन्सवर टोपी चढवली. मनात माझी काथ्याची पहिली दोरी वळूनसुद्धा झाली.

"तुमी गप ऱ्हा वो," आवडाबाय नवऱ्याला म्हणाली. "शिनेमा ऱ्हाऊदे. पन हिचं काय? हिची पाठवनी कोन करनार?"

"ही आपली हाय काय?"

"मग कुनाची हाय? बांधून ठेवलेली कुनाची तरी लेकच नं? कुंकू आना गो! नारल आना!"

बघता बघता सगळ्या बाया जमल्या. कोणीही माझ्यासाठी काही करत नव्हतं, माझ्याकडे बघतही नव्हतं. मी पिंटोकडे बघितलं.

"भरलीय, सर. तीनदा बघितली."

शेवटचा रोल शंभर फुटांचा होता, म्हणजे जेमतेम एक मिनिट. कासवीण हलेपर्यंत कॅमेरा सुरू करायचा नव्हता, आणि ती हलत नव्हती. पडवीत किती दिवस उताणी पडलेली, कोण जाणे. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तेही संपलं. मला वाटलं, मेली. आवडाबाय वाळूत गुडघे टेकून बसली. वळ पडलेल्या पंखावरून तिने खाऱ्या पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "जा बायो. इथं कोन न्हाय तुला बांधनारं."

पंख हलला. पिंटोने कळ दाबली. आवाज भरीव आला. कासवीण फरफटत निघाली, थांबली, पुन्हा निघाली. लाट तिच्या अंगाखाली शिरली, आणि जमिनीवर दगडासारखं असलेलं ते जनावर एकदम हलकं झालं. आवडाबायने पदराने डोळे पुसले. चावी संपली, कॅमेरा थांबला.

मी वाळूत बसलो. धर्मा तांडेलने बिडी पुढे केली. "लबाड हायस," तो म्हणाला, "पन जित्ती आनलीस."

संध्याकाळी पोस्टातून साहेबांना एकच वाक्य ऐकवलं, "शॉट मिळाला." पुढच्या आठवड्यात त्यांनी रशेस पाहिले. रशेस म्हणजे नुसती धुतलेली, न कापलेली फिल्म. दिवे लागले. ते म्हणाले, "त्या बाई फार ताकदीच्या आहेत. कुठल्या नाटक कंपनीतल्या?"

फिल्म मंजूर झाली. आम्ही ती बंदरोबंदरी चादर टांगून दाखवली. ज्या गावातून कासवीण आणली तिथेही. तिथला तो विक्रेता पहिल्या रांगेत बसला होता आणि पंखावरचा वळ मोठा होऊन चादरीवर आला तेव्हा उठून गेला. त्याने धंदा सोडला की नाही, मला माहीत नाही.

मी एवढंच शिकलो, की खरं काम करणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यासाठी काही करायला सांगू नये. काम त्याच्या पुढ्यात आणून ठेवावं आणि आपण बाजूला उभं राहावं, शक्यतो वाळत घातलेल्या बोंबलांपासून लांब.