पानातली दीड भाकरी

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. दुपारचा सव्वा वाजला होता. पानात दीड भाकरी आणि वांग्याची भाजी होती. त्याच्या मुलीनं दवाखान्यातून दोन वाक्यांत सांगितलं, मी "निघतो" म्हणालो, फोन ठेवला... आणि ती दीड भाकरी संपवली. वर ताकभात घेतला. मग चप्पल घातली. याला आता सहा आठवडे झाले.

दिनकर सिल्लोडला शाळेत शिकवायचा, राहायला इथं आमच्याच गल्लीत, चौथ्या घरात. कथा लिहायचा. मी मोजणी खात्यातला माणूस. छापायला धाडण्याआधी प्रत्येक कथा तो मला वाचायला द्यायचा, आणि चुकलेल्या जागी मी पेन्सिलीनं गोल करायचो. एकटी बाई दिवसभरात अडीच एकर कापूस वेचून संपवते, तिथं गोल. सकाळी सातला सिल्लोडहून एसटीनं निघालेला माणूस साडेसातला इथं शहागंजात चहा पितो, दोन तासांची वाट अर्ध्या तासात, तिथं गोल. एकदा शहागंजातल्या एका जिन्याच्या पायऱ्या मोजायला आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. कथेतल्या म्हातारीसाठी त्यानं बारा लिहिल्या होत्या, निघाल्या सतरा. तो खूश झाला. म्हणाला, "म्हातारीला पाच पायऱ्यांचा दम अजून लागंल." माझं म्हणणं एवढंच असे, की एक आकडा चुकला तर वाचक पुढचं सगळं खोटं धरतो.

त्याच्या घरी जेवायला बसताना मोबाइल फडताळात, पिठाच्या डब्यामागं ठेवावा लागे. त्याचा आणि पाहुण्याचाही. "मास्तर, फोनला पीठ चारता का?" असं मी चिडवायचो. तो हसायचा, पण नियम मोडू द्यायचा नाही.

एका कथेत लासूर स्टेशन गावच्या माणसाला जेवताना फोन येतो, थोरला भाऊ गेला. तो उरलेली भाकरी खातो, लोणचं मागून घेतो, मग उठतो. मी त्या अख्ख्या परिच्छेदाभोवती गोल केला. म्हणालो, "असं कोण जेवत बसतं? दगड आहे का तो? वाचकाला पटायचं नाय."

दिनकर बराच वेळ कागदाकडं पाहत राहिला. "व्हय... नाय पटायचं," म्हणाला आणि त्यानं त्यावर रेघ मारली. छापलेल्या कथेत तो माणूस ताट लोटून धावत सुटतो. वाचकांची पत्रं आली, अगदी खरं वाटलं म्हणून. ती मी कचेरीत चार जणांना दाखवली होती.

परवा दिनकरच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्या दिवशी मी जेवत बसलो हे फक्त माझ्या बायकोनं पाहिलं होतं. वहिनींना मात्र सांगून टाकलं.

"भाऊजी, लासूरहून थोरले दादा गेल्याचा फोन आला, तवा हेही असंच जेवले होते. सगळं पान. मग जन्मभर स्वतःला बोल लावला. दुसरं कुणी असं करतं का, एवढंच त्यांना कळायचं होतं. म्हणून तर लिहून तुम्हाला दाखवलं."

मी दगड म्हणालो होतो. पायऱ्या सतराच होत्या, एसटीची वेळही माझीच बरोबर होती... आणि जे त्याच्या हातून घडलं होतं, तेवढंच मी खोडायला लावलं.

वहिनी पान वाढायला उठल्या. मी नको म्हणालो नाही. त्यांनी आधी आपला मोबाइल फडताळात, पिठाच्या डब्यामागं ठेवला आणि माझ्यापुढं हात केला. मी माझा दिला.