हुरड्याच्या आगटीजवळचं इंग्रजी

कुणी हे वाचलंच, तर वाकड्या अक्षराला आणि चुकांना माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली.

आज शेजारी हुरडा भाजत होते. त्या वासानं येरमाळ्याचं आमचं शेत आठवलं. मी नवी सून होते. दहावीतल्या नणंदेनं आगटीजवळ तीन कणसं ओळीनं मांडली.

"वहिनी, ही मी, हे खाणं, हा हुरडा. इंग्रजीत खाणं मधी बसतं. म्हणा!"

"आय ईट हुरडा," मी हळूच म्हणाले.

मागून सासरे हसले. "सूनबाई नुसतं म्हणती, खाती कुठं?"

वाटलं, झालं, आता शिकणं बंद. पण बायांनी शेवटी खायची रीत असूनही त्यांनी पहिला गरम हुरडा माझ्याच ओंजळीत ओतला.

"खा. मग मोठ्यानं म्हण."

तेव्हा ती मला चेष्टा वाटली होती. आज वाटतं, माझा आवाज ऐकायचा होता त्यांना.