ठेंगण्या आईचा पाळणा

दुकानातल्या पाळण्यात मी पिठाची पिशवी झोपवली, हे खरे आहे. त्यापुढे आमच्या घरात जे सांगितले जाते ते खरे नाही.

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला आमच्याकडे आली होती. मूल जन्मण्याआधी पाळणा घरात आणायचा नाही, ही माझ्या पत्नीची रीत. परिणाम असा झाला, की पाळणा घेण्याची वेळ आली तेव्हा जिला तो वापरायचा होता ती पोटाला टाके घेऊन अंथरुणात होती. निवड करायला निघाला माझा मुलगा. तो आईच्या घराण्यावर गेला आहे, दारातून वाकून शिरतो. मुलगी माझ्यावर गेली आहे. आम्ही दोघे ठेंगणे. हा शब्द मी वापरतो. इतरांनी वापरलेला मला चालत नाही.

कॉलेज रोडवरच्या दुकानातून मुलाने फोटो पाठवला. उंच पायांचा, नक्षीच्या कठड्याचा, भारदस्त पाळणा. "छान आहे," असे मुलीने त्याला कळवले. मग आई स्वयंपाकघरात गेल्यावर मला म्हणाली, "बाबा, हा कठडा माझ्या कुठपर्यंत येईल हो? बाळाला उचलायला दर वेळी आईला हाक मारायची, मग तिकडे गेल्यावर सासूबाईंना..."

मी केवळ विरोधासाठी विरोध करायला गेलो, ही माझ्या पत्नीची आवृत्ती. या प्रश्नाच्या वेळी ती खोलीत नव्हती, त्यामुळे तिची साक्ष मी ग्राह्य धरत नाही. जाताना मात्र तिने बजावले होते, "अहो, तिथे जाऊन भांडू नका. आणि येताना गिरणीतून बाजरीचं पीठ आणा." मी पीठ आधी घेतले.

दुकानात मी तो पाळणा पाहिला आणि विक्रेत्याला विचारले, "मूल बसायला लागले की ही गादी खाली न्यायची असते ना?"

"हो काका. नाहीतर वरून पडेल बाळ."

"मग आत्ताच खाली लावून दाखवा."

"बाबा, त्याला अजून वेळ आहे," मुलगा म्हणाला.

"पाळणा मात्र आजच घ्यायचा आहे."

विक्रेत्याने नाखुशीने स्क्रू काढले आणि गादी तळाशी बसवली. पिठाची पिशवी मी तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांवर घेतली आणि वाकलो. कठडा काखेत रुतला, टाचा उचलल्या गेल्या, आणि शेवटचे वीतभर अंतर पिशवी हातातून सुटून पडली.

"बाबा, ते पीठ आहे. त्याला काय लागतंय?"

"म्हणूनच पिठावर करून पाहिले."

पीठ दुकानभर सांडले, असे मुलगा सांगतो. चिमूटभर सांडले, आणि ते मी रुमालाने पुसले. दुकानातली माणसे हसली, हे मात्र मी नाकारत नाही.

मग विक्रेत्याने सरकत्या कठड्याचा दुसरा पाळणा दाखवला. त्याची कडी दाबायला दोन्ही हात लागत होते. मूल कोणी धरायचे, असे मी विचारले.

"ताई एकट्या थोड्याच असणार, काका? घरात माणसं असतात की."

"माणसे असतात, त्यांनाच हाक मारायची नाही आहे."

त्याला ते कळले नाही. मुलाला कळले असावे, कारण कोपऱ्यातला आखूड पायांचा पाळणा त्यानेच पुढे ओढला. आतून तो तेवढाच खोल होता, पण तळ जमिनीलगत असल्याने कठडा माझ्या कमरेशीच संपत होता. पिशवी मी अलगद गादीवर टेकवली. टाचा जमिनीवर राहिल्या.

"फारच साधा आहे हो. बारशाला लोक काय म्हणतील?" विक्रेता म्हणाला.

"लोक बारशाला येतील आणि जेवून जातील," मी म्हणालो. तो पाळणा आम्ही घेतला.

पुढे मुलगी येवल्याला सासरी गेली आणि पाळणा तिच्यामागून टेम्पोतून गेला. विहीणबाई उंच आहेत. नात बसू लागल्यावर गादी तळाशी गेली, आणि एका संध्याकाळी त्या व्हिडिओ कॉलवर मला म्हणाल्या, "दादा, पाळणा दिलात की पाट? वाकून वाकून माझी कंबर गेली. अंगणात विटा आहेत, उद्या चारी पायांखाली लावून घेते."

माझ्या शेजारी पत्नी होती. तिने कोपराने मला डिवचले. गप्प बसा, असा त्याचा अर्थ. मी गप्पच होतो. पलीकडे मुलगी सासूच्या मागे उभी होती.

"आई, विटा नकोत," ती सासूला म्हणाली. "तुम्ही वाकत जाऊ नका. ती उठली की मी घेत जाईन."

"आणि तू कामात असलीस तर?"

"काम ठेवून येईन."

हे वाक्य मी तिला आधीच पढवून ठेवले होते, असे आता येवल्यात सांगितले जाते. मी ते पढवलेले नाही. मला सुचले असते तर ते इतके सौम्य नसते, एवढा पुरावा पुरेसा आहे.

त्याच कॉलमध्ये नात रडू लागली. विहीणबाई सवयीने उठू लागल्या, पण मुलगी पुढे झाली होती. पडद्यावर तिची फक्त वाकलेली पाठ दिसली. मग ती नातीला घेऊन सरळ झाली आणि दुसऱ्या खोलीत गेली. विहीणबाईंनी कांद्याच्या भावाचा विषय काढला.