अक्षरं वर

कोरीटला आमच्या ओट्यासमोर कोणाचीही मोटरसायकल थांबली, की जिभाऊ आधी तिच्या पुढच्या शॉकअपवरून अंगठा फिरवत, तो उन्हात धरून बघत, आणि मगच पाहुण्याला ‘बसा’ म्हणत. अंगठा तेलकट निघाला तर चहाआधी बोलणी. भाचीला बघायला आलेल्या मुलाची गाडीही त्यांनी अशीच तपासली. मुलगा पसंत पडला, गाडी नाही.

जिभाऊ म्हणजे माझे धाकटे दीर. बायको लवकर गेली. एकुलत्या कल्पनाला त्यांनीच वाढवलं. ती नर्स झाली आणि वडिलांची मोटरसायकल घेऊन धडगावकडच्या घाटातली गावं फिरू लागली. तेव्हापासून ती गाडी गॅरेजात गेली नाही. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, “वहिनी, गॅरेजवाल्याले गाडी दिखस. माले मन्ही पोर दिखस.”

हत्यारं मात्र माझ्या स्वयंपाकघरातली. शॉकअपचं तेल अडवणारं जुनं सील उचकटायला उलथनं, नव्याचा आतला रबरी ओठ फाटू नये म्हणून दुधाच्या पिशवीचा तुकडा, ते खाली बसवायला शेतातल्या पाइपाचं वीतभर नळकांडं आणि त्यावर ठोकायला माझा बत्ता. आमच्या ठेच्याला तेलाचा वास यायचा. पाहुणे पुन्हा मागत नसत, मिरची वाचायची.

मग त्यांचं हृदय थकलं. पाय सुजले, दोन पावलांत धाप लागू लागली. खाटेवरून उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि नेमकी कल्पना शनिवारी आली ती उजव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ घेऊन. हे तेल ब्रेकवर उतरलं तर घाटात गाडी थांबणार नाही, हे त्यांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं होतं. सोमवारी तिला परत जायचं होतं.

नंदुरबारच्या दुकानातून सीलची नवी जोडी आली. रविवारी जिभाऊ खाटेवरून सांगत गेले, मी करत गेले. सीलच्या एका बाजूला बारीक अक्षरं असतात; ती वर यावी लागतात, नाहीतर सील तेल धरत नाही.

“वहिनी, अक्षरं वर शेतस ना?”

“शेतस की!” मी ठसक्यात म्हटलं.

अक्षरं मला दिसलीच नव्हती. पन्नाशीची ही सुंदरी चष्मा फडताळात दडवून ठेवायची. चष्म्यात म्हणे ती म्हातारी दिसे. जणू सीलच तिला बघायला आलं होतं! अंदाजाने एक बाजू वर केली आणि घातला बत्ता.

सोमवारी निघायच्या आधी जिभाऊंनी गाडी खाटेजवळ आणवली. अंगठा फिरवला. तेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कल्पनाला म्हणाले, “सील खराब निंघनं, बेटा. दुपारले जाय.”

जोडीतलं दुसरं सील शिल्लक होतं. आमचं कोणाचं न ऐकता ते खाली उतरले. एक ठोका, मग धाप. पुन्हा एक ठोका. मी नळकांडं धरून बसले होते, नाकावर चष्मा. आता एकेक अक्षर स्वच्छ दिसत होतं.

“आते दिखस ना?” एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुपारी कल्पना सुखरूप घाट चढली. बुधवारी त्याच गाडीवर परत आली, तेव्हा जिभाऊंना अंगणात निजवलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, तसेही दिवस थोडेच होते. त्या थोड्यातलाच एक मी बत्त्याखाली घातला.

आता ती आली की मी आधी शॉकअपवरून अंगठा फिरवते, मग ‘बस’ म्हणते. चष्मा दोरीने गळ्यात बांधलाय. म्हातारी दिसायची भीती उरली नाही, झालेच आहे. नंदुरबारच्या त्या दुकानाची पायरी मात्र कल्पना अजून चढत नाही. परवाही म्हणाली, “मोठी आई, ते सील चांगलं ऱ्हातं तर...” वाक्य तिने पुरं केलं नाही. मीही नाही केलं.

सील चांगलंच होतं. हे सगळं लिहून काढलेले कागद येत्या शनिवारी तिच्या हातात ठेवणार आहे. अक्षरं वर करून.